बैलाचं कातडं आणि अर्ध्या तासाचा राजवाडा

"जव्हार? राजवाडा आहे म्हणे, पण काही खास नाही. अर्ध्या तासात होतो. त्यापेक्षा सनसेट पॉइंटवर जाऊन बसा."

मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन दोन दिवस कुठे जावं, असं मी ऑफिसात विचारलं तेव्हा आलेलं हे उत्तर. देणारा मित्र आदल्याच महिन्यात सहकुटुंब बालीला जाऊन आलेला. तिथे उबुदच्या राजवाड्याच्या अंगणात बसून त्याच्या लेकीने लेगोंग नाच पाहिला होता. १९०८ साली क्लुंगकुंगचा राजा आणि त्याचे लोक डचांना शरण जाण्याऐवजी त्यांच्या बंदुकांसमोर चालत गेले आणि मेले, हे सांगताना त्याचा आवाज जरा कापरा झाला होता. आम्ही डबे उघडे ठेवून ऐकत होतो. खरंच चांगलं सांगितलं त्याने.

त्याच मित्राला जव्हारचा राजा कोण होता, हे सांगता आलं नाही. मलाही आलं नसतं. मी मुलुंडचा. जव्हार म्हणजे गाडीने साडेतीन-चार तास, आणि बाली म्हणजे विमानाने जवळजवळ अख्खा दिवस! तर आजच्या विकांताचा शंख मी आधी स्वतःच्या नावाने करणार आहे आणि मग तुमच्या. राग मानू नका. किंवा माना, हरकत नाही.

तर आम्ही गेलो. मी, बायको, दहा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचे चिरंजीव. भिवंडी, वाडा करत जव्हार. गावापासून थोडं बाजूला, झाडीत, दगडी बांधणीचा, घुमटवाला जयविलास राजवाडा. मुकणे घराण्याची ही आजही खाजगी मालमत्ता आहे, तेव्हा जाण्याआधी बघता येईल का ते गावात विचारून घ्यावं हे बरं. चिरंजीवांनी "तलवार कुठाय?" हा एकच प्रश्न सतरा वेळा विचारला. आम्ही आईबापांनी जे सगळे करतात तेच केलं. पायऱ्यांवर उभं करून फोटो, खांबाला टेकवून फोटो, "बघ, राजा इथे राहायचा हं" हे ज्ञानदान, आणि निघायची घाई. घड्याळात पाहिलं तर पंचवीस मिनिटं झाली होती. मित्राचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

बाहेर पडताना लेकीने विचारलं, "बाबा, हे राजे म्हणजे मराठे होते का?"

"नाही गं. महादेव कोळी. आदिवासी." (हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. होमवर्क!)

"आदिवासी? आणि राजा?"

त्या "आणि"वर मी अडकलो. लेकीचा त्यात काही दोष नाही. तिने आजवर आदिवासी पाहिलाय तो तीन ठिकाणी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, पानांचा घागरा आणि तोंडाला काळा रंग लावून नाचणारा. आमच्या सोसायटीच्या जिन्यात, वारली चित्रांच्या पट्टीवर, जी एका रंगाऱ्याने स्टेन्सिल लावून काढलीय. आणि बातम्यांमध्ये, कुपोषण या शब्दाच्या शेजारी. यातल्या कुठल्याच जागी राजा बसत नाही. पोरीच्या डोक्यातल्या डेटाबेसमध्ये तो रकानाच आपण ठेवलेला नाही. मग "आणि राजा?" नाही विचारणार तर काय!

आता जरा त्या "अर्ध्या तासात होतो"वाल्या संस्थानाची गोष्ट ऐका.

दिल्लीच्या सुलतानाने, म्हणजे मुहम्मद तुघलकाने, जव्हारच्या नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली ती ५ जून १३४३ रोजी. जव्हारकरांना तो दिवस इतका मोठा वाटला की त्यांनी त्या दिवसापासून स्वतःचा शक चालू केला आणि तो दरबारी कागदपत्रांत पुढे शतकानुशतकं वापरला. आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगतो: युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून मोजतं, जव्हारचं ५ जून १३४३ पासून. विजयनगर उभं राहिलं १३३६ साली, म्हणजे जव्हारच्या सातच वर्षं आधी. ते साम्राज्य १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर ढासळत गेलं. जव्हार मात्र १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकलं. सहाशे पाच वर्षं! सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे सगळे येऊन गेले. कधी लढून, कधी खंडणी देऊन, कधी मुलुख गमावून हे लहानसं राज्य तगून राहिलं.

शिवाजी महाराजांचंच घ्या. सुरतेची पहिली लूट १६६४ च्या जानेवारीतली, हे चौथीतलं पोरही सांगेल. पण सुरतेला जाताना, १६६३ सरता सरता, महाराज जव्हारजवळ थांबले आणि तिथल्या विक्रमशहाने त्यांचं स्वागत केलं, असं जव्हारात अभिमानाने सांगतात. राजाने महाराजांना शिरपेच दिला म्हणून त्या जागेचं नाव शिरपामाळ. पुढचं मात्र फारसं सांगितलं जात नाही. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेने हेच जव्हार जिंकून घेतलं. आधी शिरपेच आणि नऊ वर्षांत स्वारी. इतिहास असाच असतो, आणि पोरांना तो असाच आवडतो. गुळगुळीत करून द्यायची हौस आपल्याला असते.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात, स्वातंत्र्यानंतर लोकसभेत खासदार. गावाला नगरपालिका कधी? १९१८ साली! आज पन्नास-पन्नास मजले बांधणाऱ्या किती गावांत तेव्हा नगरपालिका होती, जरा शोधून बघा.

हे सगळं मी लेकीला राजवाड्याबाहेर, झाडाखाली बसून सांगितलं. चिरंजीवसुद्धा तलवार विसरून ऐकत होते. मला वाटलं, जिंकलो. बाप म्हणून आजचं काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी परत निघालो ते मुद्दाम मोखाड्याच्या बाजूने. मोखाडा, खोडाळा, विहीगाव करत कसाऱ्याला उतरायचं. रस्त्यात एके ठिकाणी करवंदं विकायला बसलेल्या एक बाई दिसल्या म्हणून थांबलो. पळसाच्या पानाचे द्रोण, दहा रुपयाला एक. शेजारी लेकीच्याच वयाची मुलगी, आणि जरा पलीकडे रस्त्याने हंडे घेऊन जाणाऱ्या बायकांची रांग.

लेकीने विचारलं, "मावशी, पाणी लांबून आणायला लागतं का?"

"लांबून, बाय. खाली झऱ्यावर जावं लागतं. कधी टँकर येतो."

मी शहाणपणा केला. "पण मावशी, इथे जवळच एवढं मोठं धरण आहे ना?"

त्या सहज म्हणाल्या, "ते मुंबईचं हाय ना दादा."

आवाजात राग नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं. मी द्रोण घेतले आणि गाडीत येऊन बसलो. एसी चालू केला. दोन वळणं गेल्यावर मागून प्रश्न आला:

"बाबा, राजा यांचाच होता ना? मग हे लोक गरीब का?"

आणि मी काय बोललो असेन? "अगं, शिक्षण नाही ना फारसं, म्हणून." बायकोने माझ्याकडे वळून पाहिलं. काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

मंडळी, मी खोटं बोललो होतो. आणि मला खात्री आहे, त्या सीटवर तुम्ही असतात तर तुम्हीही हेच खोटं बोलला असतात. कारण हे आपलं डिफॉल्ट उत्तर आहे. शिक्षण नाही, दारू पितात, कष्ट नकोत, सरकार सगळं फुकट देतं. चार पर्याय, आणि चारांतही आपण कुठे नाही. युजरने चूक केली असं म्हणून तिकीट बंद करायचं, कोड बघायचाच नाही.

घरी आल्यावर मी कोड बघितला. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटिअरमध्ये जव्हारच्या स्थापनेची एक दंतकथा दिलीय. या मुलखावर आधी एका वारली नायकाची सत्ता होती. कोळ्यांचा मूळपुरुष त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, एका बैलाचं कातडं मावेल एवढीच जमीन द्या. वारल्याने हो म्हटलं. मग याने ते कातडं बारीक बारीक पट्ट्यांत कापलं, पट्ट्या एकाला एक जोडल्या, आणि त्या लांबलचक दोरीने अख्खा मुलुख वेढून टाकला. आफ्रिकेतल्या कार्थेज नगरीच्या राणीची, डायडोची, अगदी हीच गोष्ट आहे, तेव्हा हा इतिहास नाही, फिरती लोककथा आहे हे उघड आहे. पण लोक आपल्या राज्याच्या जन्माची गोष्ट म्हणून हीच निवडतात, तेव्हा त्यात काहीतरी असतंच. मला तरी ती अटी आणि शर्ती न वाचता "सहमत आहे"वर क्लिक करणाऱ्याची पहिली नोंद वाटली.

लेकीच्या प्रश्नातली चूक इथे आहे, आणि ती मी दुरुस्त करायला हवी होती. "यांचाच राजा" म्हणजे कुणाचा? महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकर, कातकरी हे सगळे आपल्यासाठी एकच शब्द. त्यांच्यासाठी नाही. राजा महादेव कोळी होता म्हणून कातकऱ्याच्या घरी दिवाळी नव्हती. १९०१ च्या जनगणनेत या संस्थानात सत्तेचाळीस हजारांच्या आसपास माणसं होती, क्षेत्रफळ ३१० चौरस मैल, आणि उत्पन्नाचे मुख्य मार्ग दोनच: जमिनीचा सारा आणि जंगल. त्या राजवाड्याच्या पायऱ्यांवर मी पोरांचे फोटो काढले, त्या पायऱ्या याच साऱ्यातून आणि याच लाकडातून आल्या असणार. हे सांगितल्याने राजाचा अपमान होत नाही. कुठल्याही राजवाड्याचं हेच असतं, म्हैसूर असो नाहीतर व्हर्साय.

आणि कातडं कापणं तिथे थांबलं नाही. इंग्रजांनी १८७८ च्या आणि मग १९२७ च्या कायद्याने जंगल सरकारी केलं. पिढ्यान्पिढ्या रानात राहणारा माणूस एका सहीने घुसखोर झाला. आजूबाजूच्या ठाणे जिल्ह्यात सावकारांनी आणि जमीनदारांनी जमिनी घेतल्या आणि ज्यांच्या घेतल्या त्यांनाच त्यावर वेठीने राबवलं. १९४५ साली वारल्यांनी त्याविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांनी त्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलीय. तेव्हा राजेही होते आणि इंग्रजही. मग दोन्ही गेले, स्वातंत्र्य आलं, आणि १९९२-९३ साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभरावर पोरं कुपोषणाने आणि आजाराने दगावली. मुंबईपासून चार तासांवर. वनहक्क कायदा यायला २००६ साल उजाडलं.

आता माझ्या वाट्याची पट्टी. मोखाडा तालुक्यात मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण आहे. २०१२ मध्ये पूर्ण झालं. शंभर मीटरहून जास्त उंच, रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला. पाणी भांडुपला शुद्ध होतं आणि तिथून आमच्यासारख्यांच्या नळाला येतं. ज्या तालुक्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तिथल्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन दरीत उतरतात, आणि माझे चिरंजीव शॉवरखाली पंधरा मिनिटं गाणी म्हणतात. तेव्हा "हे लोक गरीब का?" या प्रश्नाच्या उत्तरात मुलुंड येतं. माझं बाथरूम येतं. आणि म्हणूनच मी पटकन "शिक्षण" म्हणालो.

इथे दोन आक्षेप येणार, मला माहीत आहे.

पहिला: "अरे, पोरं आहेत ती! सुट्टीत एन्जॉय करू देत. हे सगळं त्यांच्या डोक्यात कशाला घालायचं?" मी काहीच घातलं नाही हो. प्रश्न तिने विचारला. "आणि राजा?" हाही तिचाच, "गरीब का?" हाही तिचाच. मी फक्त दोनदा उत्तर द्यायचं होतं, आणि एकदाच नीट दिलं. पोरांना कठीण गोष्टी कळत नाहीत हा आपला सोयीचा समज आहे. त्यांना महाभारत कळतं, ज्यात भाऊ एकमेकांना मारतात. बैलाच्या कातड्याची गोष्ट तर मी परवा चिरंजीवांना सांगितली. त्यांनी लगेच कात्री आणि जुना पेपर घेतला आणि हॉलभर पट्ट्या पसरून "आता हा सगळा हॉल माझा" असं जाहीर केलं. ताईने विचारलं, "आणि आम्ही कुठे बसायचं?" सहाव्या वर्षी त्याला कळलं. आणि काय समजवायचं राहिलं?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: "म्हणजे आता पाड्यापाड्यांत जाऊन गरिबी बघायची? झोपड्यांचे फोटो?" नाही. अजिबात नाही. कुणाच्या अंगणात न विचारता शिरून पोरांच्या हातून बिस्किटं वाटणं हा राजवाड्याच्या फोटोपेक्षा वाईट प्रकार आहे. मी म्हणतोय ते फार साधं आहे. राजवाडा बघायला जा. जरूर जा. पण राजवाडा दाखवताना राज्य पण दाखवा. राजा कोण होता, प्रजा कोण होती, खर्च कुणी उचलला, आणि ते लोक आज कुठे आहेत, हे चार प्रश्न. जयपूर-उदयपूरला हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत, कारण तिथे झगमगाटच इतका असतो. जव्हारचा राजवाडा लहान आहे, म्हणून त्याच्या भिंतीपलीकडचं दिसतं. माझ्या मते पोरांना राजवाडा दाखवायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा नाही.

आणि फक्त दुःख बघायला जा असंही मी म्हणत नाहीये. होळीनंतरच्या दिवसांत जव्हार-मोखाड्यात बोहाडा असतो. देवादैत्यांचे मोठाले मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. तारपा असतो, भोपळा आणि बांबूचा, ज्याच्या सुराभोवती अख्खा पाडा फेर धरतो. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारखे तारपावादक याच जव्हार तालुक्यातले. माझ्या मित्राच्या लेकीला लेगोंग माहीत आहे, ही चांगलीच गोष्ट. तिला तारपा माहीत नाही, ही तिची चूक नाही. ते ऐकवायचं काम बापाचं होतं. आणि सोसायटीच्या जिन्यात स्टेन्सिलची वारली पट्टी मारण्यापेक्षा तिथल्याच एखाद्या चित्रकाराला रीतसर पैसे देऊन बोलवता आलं असतं. पुढच्या मीटिंगमध्ये मी हा विषय काढणार आहे. खजिनदार काका काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. असो.

काल रात्री जेवताना मी लेकीला म्हटलं, "त्या दिवशी गाडीत मी तुला चुकीचं उत्तर दिलं होतं." मग जमेल तसं सगळं सांगितलं. वारल्याचं कातडं, जंगलाचा कायदा, वावर-वांगणी, दिवाळीनंतर वीटभट्टीवर "जगायला" जाणारी कुटुंबं आणि त्यांच्याबरोबर शाळा सोडून जाणारी पोरं, आणि शेवटी आपला नळ. ती बराच वेळ भात चिवडत होती. मग म्हणाली,

"म्हणजे ती करवंदवाली मुलगी शाळेत नसेल, तर ती त्याच्यामुळे गरीब नाहीये. गरीब आहे म्हणून शाळेत नाहीये."

मला एवढं लिहायला दोन हजार शब्द लागले.

पुढच्या वर्षी होळीनंतर पुन्हा जायचं ठरलंय, बोहाड्याला. मित्रालाही सांगितलंय. तो म्हणाला, "रात्रभर? पोरं झोपतील रे." झोपू देत. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ तरी थांबतील.